दहापैकी चार

सोमवारी सकाळी सासूबाईंनी पेपर उघडला, क्रीडा पान शोधलं, कपाळावरचा चष्मा नाकावर आणला आणि बोट ठेवून आपल्या लेकीचे गुण वाचले. मग चष्मा काढून पदराने पुसला आणि पुन्हा वाचले. आकडा तोच होता.

"चार," त्या म्हणाल्या. "दहापैकी चार! शाळेत गणितातसुद्धा हिला याहून जास्त पडायचे."

"गणितात मला तीन पडले होते, आई," लेक म्हणाली. टेबलाच्या दुसऱ्या टोकाला उजव्या खांद्यावर बर्फाची पिशवी बांधून ती बसली होती आणि डाव्या हाताने उकडलेलं अंडं सोलायची खटपट करत होती. "चार म्हणजे प्रगतीच आहे."

"तू गप्प बस. मी हिला विचारतेय."

‘ही’ म्हणजे सून. ते चार गुण तिनेच दिले होते. पेपरातलं रग्बीचं पान तिच्याकडे होतं, आणि प्रत्येक सामन्यानंतर आपल्या गावच्या संघातल्या पंधराही जणींना दहापैकी गुण द्यायचे, ही त्या पेपरची जुनी पद्धत होती. सामन्याचं वर्णन किती लोक वाचायचे कुणास ठाऊक, गुण मात्र सगळे वाचायचे. घरात नणंद तिला वहिनी म्हणायची. ते ऐकून ऐकून सासूबाईही वहिनीच म्हणायला लागल्या होत्या, आणि चिडवायची लहर आली की नवरासुद्धा.

"वहिनी, खरं सांग. घरच्या माणसाला चार देताना हात कसा उचलला गेला गं तुझा?"

"आई, ती टाइप करते. हात उचलावाच लागत नाही," नवरा म्हणाला. तो दातांचा डॉक्टर होता; बहिणीची माउथगार्ड तोच बनवायचा. सासूबाईंनी त्याच्याकडे नुसतं पाहिलं. "मी दात काढतो. मला यात ओढू नका," असं घाईघाईने म्हणत त्याने बॅग उचलली आणि तो दवाखान्यात निघून गेला.

वहिनीने कप खाली ठेवला. "आई, शेवटच्या मिनिटाला टॅकल हुकलं. समोरची धरून पाडायच्या आत निसटली, रेषेपलीकडे चेंडू टेकवून तिने ट्राय केला आणि सामना गेला. दुसऱ्या कुणाचं हुकलं असतं तरी मी चारच दिले असते."

"मग द्यायचे होतेस ना दुसऱ्या कुणाला!"

लेक खो खो हसली आणि हसताना खांदा दुखला म्हणून कळवळली. तिला घरात आणि संघातही चिमणी म्हणत. जन्मली तेव्हा मूठभर होती म्हणून ते नाव पडलं. आता दारातून आत येताना तिला अंग तिरकं करावं लागे, पण नाव चिकटलं ते चिकटलं. तेरा नंबरची जर्सी घालून ती व्यावसायिक रग्बी खेळायची. "पगार घेऊन चिखलात लोळते," असं सासूबाई शेजारणींना सांगत. शब्द तक्रारीचे असत, पण आवाज मुद्दाम जिन्यापर्यंत जाईल एवढा.

चिमणीने अंडं तोंडात टाकलं आणि पेपर आपल्याकडे ओढला. सामन्याच्या वर्णनात तिच्याबद्दल एक वाक्य होतं, ते तिने मोठ्याने वाचलं. "‘अखेरच्या क्षणी कारण नसताना आपली जागा सोडून बाहेरच्या बाजूला धावली, आणि परत वळेपर्यंत उशीर झाला होता.’" तिने पेपराची घडी घातली. चेहऱ्यावर राग नव्हता. तिने एवढंच विचारलं, "वहिनी, तू कुठून बघत होतीस?"

"माझ्या जागेवरून. पत्रकार कक्षातून."

"हं," चिमणी म्हणाली, आणि तिने दुसरं अंडं सोलायला घेतलं.

तो ‘हं’ वहिनीच्या डोक्यातून काही केल्या जाईना.

रग्बी हा मुळात तिचा खेळ नव्हता. ती पदार्थविज्ञान शिकलेली, काही वर्षं एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत मुलांकडून भिंगांचे आणि लंबकांचे प्रयोग करून घेणारी. लग्न ठरल्यावर होणाऱ्या नणंदेचा सामना बघायला म्हणून गेली आणि अडकली. हातातला चेंडू फक्त मागेच द्यायचा आणि तरी सगळ्यांनी मिळून पुढे सरकायचं, ही गोष्ट तिला इतकी आवडली की घरी येऊन तिने त्यावर दोन पानं लिहून काढली आणि सहज पेपरला पाठवली. ती छापून आली. मग आणखी आली. कॉलेज सुटलं, पेपर लागला.

पण पेपर लागला म्हणजे पान मिळालं असं नव्हे. तिथे एक निकालाचं टेबल होतं. गावोगावचे लोक फोन करून कुणी कुणाला हरवलं ते सांगायचे आणि टेबलावरच्या माणसाने ते बारीक टायपात भरायचं. तिथे नाव येत नाही, मत विचारलं जात नाही. वहिनीने त्या टेबलावर बसून उमेदीची वर्षं काढली होती. कानाला फोन लावून लावून मान एका बाजूला झुकायची सवय लागली होती, ती अजून पूर्ण गेली नव्हती. रग्बीचं पान तिला मागच्या हंगामात मिळालं, आणि देताना क्रीडा संपादक म्हणाले होते, "बाई, लिहिता चांगलं. पण तुमची नणंद त्या संघात आहे, हे सगळ्या गावाला माहीत आहे. एकदा जरी तिला फुकटचा अर्धा गुण दिलात, की निकालाचं टेबल. मी वाद घालणार नाही आणि तुम्हीही घालायचा नाही."

"नाही घालणार," ती म्हणाली होती, आणि तेव्हापासून चिमणीला मिळणारा प्रत्येक गुण तिने सोनाराच्या काट्यावर तोलून दिला होता. खरं सांगायचं तर काटा जरासा चिमणीच्या विरुद्ध बाजूलाच झुकत असेल. संशयाचा फायदा तिने इतर चौदा जणींना दिला होता, नणंदेला कधी नाही.

ऑफिसला जाताना ती बसमध्ये उभी होती. ‘तू कुठून बघत होतीस?’

प्रयोगशाळेत पहिल्याच दिवशी ती मुलांना एक गोष्ट शिकवायची. काटा समोरून वाचा. बाजूने वाचलात की आकडा सरकतो. काटा तोच, पट्टी तीच, फक्त डोळा भलत्या जागी. वर्षानुवर्षं तिने हे वाक्य इतक्यांदा म्हटलं होतं की मुलं मागून तिची नक्कल करायची. आणि मैदानावर ती कुठे बसत होती? पत्रकार कक्ष मैदानाच्या लांब बाजूला, बरोबर मध्यावर. तिथून कोण किती पुढे गेलं ते सुरेख दिसतं. पण बचावाची ओळ मैदानाच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत आडवी पसरलेली असते. बाजूने बघणाऱ्याला त्या खेळाडू एकीमागे एक दिसतात, रांगेत उभ्या केलेल्या खुर्च्यांसारख्या. दोघींच्या मधे किती फट पडली आहे, ते तिथून दिसूच शकत नाही.

ती पुढच्याच थांब्यावर उतरली आणि ऑफिसऐवजी क्लबच्या मैदानाकडे चालू लागली.

प्रत्येक व्यावसायिक क्लब आपले सामने गोलपोस्टच्या मागून, उंच खांबावर कॅमेरा लावून चित्रित करतो. ते प्रशिक्षकांसाठी असतं, पण पत्रकाराने मागितलं तर दाखवायला कुणाची ना नसते. चित्रीकरण सांभाळणारी बाई मलमाच्या वासाने भरलेल्या एका खोलीत तारांच्या गुंत्यात बसली होती. वहिनीला बघून तिने भुवया उंचावल्या.

"इतक्या वर्षांत हे मागायला आलेल्या तुम्ही पहिल्याच. काही भानगड?"

"नाही. एक आकडा तपासायचाय."

शेवटचं मिनिट पडद्यावर आलं. वरून आणि मागून बघताना तो वेगळाच सामना वाटत होता. आपल्या संघाची ओळ एखाद्या भिंतीसारखी एका वेगाने पुढे येत होती. प्रत्येकीसमोर प्रतिस्पर्धी संघाची एकेक जण, प्रत्येकीने आपली धरायची, एवढा साधा हिशोब. चिमणीच्या उजव्या हाताला, अगदी कडेला, चौदा नंबरची पोरगी होती. तिचा तो पहिलाच सामना. पायाला चाकं लावल्यासारखी पळते म्हणून संघात तिचं नाव भिंगरी पडलं होतं. आणि भिंगरी एकदम सुटली. चेंडू हवेतच झेलावा म्हणून आपली जागा सोडून, ओळ मोडून, ती चिमणीच्या वाट्याच्या खेळाडूवर तिरकी धावून गेली. कडेची मुलगी मोकळी राहिली. चिमणीने मान वळवली, मोकळी मुलगी पाहिली आणि तिला अडवायला बाहेर धावली. दुसरं काही करण्यासारखं नव्हतंच. तोवर हातात चेंडू आलेल्या खेळाडूने भिंगरीला सहज चकवलं आणि चिमणी जिथून नुकतीच निघाली होती त्याच जागेतून ती आत शिरली. चिमणी वळली, झेपावली, बोटं जर्सीला घासून गेली, आणि ती तोंडावर पडली. पेपरात फोटो छापला होता तो त्या क्षणाचा.

"पुन्हा दाखवता?" वहिनी म्हणाली.

बाईने पुन्हा दाखवलं. मग न सांगता पुन्हा.

कारण नसताना, असं वहिनीने लिहिलं होतं. कारण पडद्यावर धावत होतं, ढळढळीत, चौदा नंबरची जर्सी घालून. त्या क्षणी वहिनी चेंडूकडे बघत होती, एवढंच. आणि त्याच भिंगरीला, पहिलाच सामना, सुंदर वेग, असं म्हणून तिने सात गुण दिले होते.

तिने मग अख्खा सामना बघितला. त्याच कोनातून, पहिल्यापासून. चिमणीने बाकीही दोन चुका केल्या होत्या, त्या खऱ्याच होत्या. भिंगरीने एक फार छान गोष्ट केली होती, तीही खरी होती. वहिनीने नव्याने गुण मांडले. चिमणीला सहा, भिंगरीला पाच.

संध्याकाळी चिमणी बाल्कनीत बसून बुटांच्या खिळ्यांमधला चिखल जुन्या टूथब्रशने काढत होती. टूथब्रश भावाच्या दवाखान्यातले, फुकटचे. वहिनी तिच्याशेजारी उकिडवी बसली.

"मी मागचा कॅमेरा बघितला."

ब्रश थांबला नाही. "बरं."

"तू मला सांगितलं का नाहीस?"

"काय सांगायचं?"

"चिमे, उगाच वेड पांघरू नकोस. भिंगरी ओळ सोडून पळाली. तू तिची जागा झाकायला गेलीस."

आता ब्रश थांबला. "हे बघ वहिनी. घरात तू माझी वेणी ओढ, मी तुझी ओढीन. पण मैदानात कोण कुठे चुकलं ते मैदानातच राहतं. माझ्या तोंडून तिचं नाव निघणार नाही. आणि तूही काढायचं नाहीस."

"मी काढलंय आधीच. तिला सात दिलेत, तुला चार. दोन्ही चूक."

"मग असू दे की चूक! माझी कातडी गेंड्याची आहे. चारने मला खाज पण सुटत नाही. ती एकोणीस वर्षांची आहे. पहिल्या सामन्यात सात मिळाले म्हणून आता आख्खा आठवडा जमिनीवर पाय नसतील पोरीचे. तू ते काढून घेणार?"

"ते तिचे नाहीत."

"तुझं पण काय गं! गुण आहेत ते, ऑपरेशन नाही." चिमणीने बूट आपटला, चिखलाचं ढेकूळ वहिनीच्या साडीवर उडालं. दोघींनी त्याकडे पाहिलं आणि दोघींनीही ते झटकलं नाही. "आणि तुझं काय होईल? आज नणंदेला चार, दोन दिवसांनी सहा. लोक काय म्हणतील? सासूने कान पिळला. तुझा तो साहेब तुला परत फोनच्या टेबलावर बसवेल. मान वाकडी करून."

वहिनीचा हात नकळत मानेवर गेला. हे तिला मैदानाच्या फाटकापासून घरापर्यंत दिसतच होतं. पान राखायचं असेल तर गप्प बसणं सोपं होतं. कुणी विचारलं नव्हतं, कुणी विचारणारही नव्हतं. छापलेला चुकीचा आकडा, तिच्या प्रामाणिकपणाचा पुरावा म्हणून, तसाच कायम राहिला असता.

"बसवू दे," ती म्हणाली. "चुकीच्या आकड्यावर पान राखायचं असेल तर मग ते टेबलच बरं. तिथे निदान निकाल तरी खरे असतात."

"तू म्हणजे ना," चिमणी म्हणाली, "एकदा शिंगं रोखलीस की..." आणि पुढे काय ते न सांगता तिने दुसरा बूट उचलला. जरा वेळाने, ब्रश चालवत, "सहाच?"

"सहाच. पहिल्या सत्रात दोनदा चेंडू पाडलास."

"चेंडू ओला होता!"

"सगळ्यांनाच ओला होता."

मंगळवारी सराव संपल्यावर वहिनी भिंगरीला भेटायला गेली. छापायच्या आधी तिला तोंडावर सांगायचं, एवढं तिने ठरवलं होतं. पोरगी कुंपणाला टेकून केस पिळत होती. जवळून अगदीच शाळकरी दिसत होती. वहिनीला बघून ती सरळ उभी राहिली, जशी शिक्षकांसमोर राहतात.

"मी पेपरातून आलेय. रविवारच्या सामन्याबद्दल," वहिनीने सुरुवात केली. तिने वाक्यं मनात जुळवून ठेवली होती. पण दुसऱ्या वाक्याआधीच पोरीचा चेहरा उतरला.

"तुम्हाला कळलं," ती म्हणाली.

"काय?"

"मी ओळ सोडली ते." तिने मान खाली घातली. "ताई, ते सगळ्यांना माहीत आहे. मी त्याच दिवशी कपडे बदलायच्या खोलीत सगळ्यांसमोर सांगितलं. प्रशिक्षकांनाही सांगितलं. चिमणीताईंनी माझ्या डोक्यावर टॉवेल टाकला आणि म्हणाल्या, झालं, आता आंघोळ कर."

वहिनीने मनातल्या मनात मोजलं. म्हणजे संघाला माहीत होतं, प्रशिक्षकाला माहीत होतं, कॅमेरावालीला माहीत होतं. माहीत नव्हतं ते फक्त पेपराला, आणि पेपरावर विसंबणाऱ्या सगळ्या गावाला.

"तुमच्या पानाचं आमच्या आईने कात्रण केलंय," भिंगरी म्हणाली. "सातला लाल गोल करून फ्रिजच्या दाराला लावलंय. मी दूध घ्यायला जाते तर सात. पाणी प्यायला जाते तर सात. येईल त्याला दाखवते ती. मी तिला सांगायला गेले, तर म्हणते, पेपरवाल्यांना तुझ्यापेक्षा जास्त कळतं." तिने वर पाहिलं. "काढून टाका ना तो सात, ताई. मला आता फ्रिजच उघडवत नाही."

"पाच येतील. जास्त नाही."

"चालतील. पण..." ती घुटमळली. "का पाच, ते लिहाल? तुमच्या पानावर नुसता आकडा असतो. पाच वाचून आईला वाटेल मी वाईट खेळले. मी वाईट नाही खेळले. मी घाई केली."

वहिनीने तिच्याकडे नीट पाहिलं. "लिहीन," ती म्हणाली.

बुधवारी ऑफिसात क्रीडा संपादकांनी तिचं बोलणं डोळे मिटून ऐकलं. ते असं करायला लागले की लोक सावध व्हायचे.

"म्हणजे," ते म्हणाले, "नणंदेचे वाढवायचे, आणि दुसऱ्या पोरीचे काढायचे."

"हो."

"बाई, दिलेले गुण हा पेपर मागे घेत नाही. आजवर घेतलेले नाहीत. आणि घ्यायचे झाले, तर पहिल्यांदा तुमच्या घरच्या माणसासाठी? बाहेर मी तोंड कसं दाखवू?"

"वाद घालायचा नाही असं ठरलं होतं, म्हणून वाद घालत नाही. फक्त एक प्रयोग करू द्या."

तिने तो आधीच तयार करून आणला होता. मागच्या कॅमेऱ्यातली ती काही सेकंदं, आवाज काढून, रंग काढून, इतकी लहान करून की जर्सीवरचे आकडे आणि चेहरे दिसूच नयेत. पडद्यावर नुसते करडे ठिपके धावत होते. कोणता संघ, कोणता सामना, तेही कळत नव्हतं. तिने विभागातल्या सगळ्यांना बोलावलं आणि एकच प्रश्न विचारला, "चूक कुठल्या ठिपक्याची?"

फुटबॉलवर लिहिणारा पुढे वाकला. "सोप्पं आहे. हा कडेचा. बोलावणं नसताना पाहुणा पुढे गेला."

"मधला पडलाय की," घोड्यांच्या शर्यतींवर लिहिणारे काका म्हणाले. "जो पडला त्याची चूक. आमच्याकडे तर तसंच असतं."

"काका, तुमच्याकडे घोडा पडतो आणि तुम्ही जॉकीला शिव्या घालता," फुटबॉलवाला म्हणाला. "नीट बघा. मधला का पळाला? कडेच्याने भोक पाडलं म्हणून."

काकांनी पुन्हा बघितलं. "हां," ते नाखुशीने म्हणाले. "तो आधी सुटला खरा. दरवाजा उघडायच्या आत."

कुस्तीवाला, टेनिसवाली, अगदी निकालाच्या टेबलावरचा नवा माणूस, सगळ्यांचं बोट कडेच्याच ठिपक्यावर पडलं. संपादकांनी खुर्ची ओढली, चित्रफीत स्वतः चालवली, थांबवली, मागे नेली. ते स्वतः त्या रविवारी पत्रकार कक्षात तिच्याच शेजारी बसले होते, आणि टॅकल हुकलं तेव्हा ‘गेली ही!’ असं पहिलं तेच ओरडले होते. ती गोष्ट तिने काढली नाही. त्यांना ती आठवत होती, हे त्यांच्या कानांच्या रंगावरून दिसत होतं.

"छापा," ते शेवटी म्हणाले. "पण स्वतःच्या नावाने. पेपराची चूक नाही, तुमची."

"माझीच आहे."

"आणि पानाचं काय ते पुढच्या सामन्यानंतर सांगेन. लोक काय म्हणतात ते बघू दे."

गुरुवारी क्रीडा पानाच्या तळाशी, चौकटीत, ते आलं. तिने ते अनेकदा लिहून, खोडून, शेवटी अगदी सरळ ठेवलं होतं. ‘रविवारच्या सामन्यात मी तेरा नंबरच्या खेळाडूला चार आणि चौदा नंबरच्या खेळाडूला सात गुण दिले. दोन्ही आकडे चुकीचे होते. शेवटच्या ट्रायच्या वेळी मी चेंडूकडे पाहत होते, बचावाच्या ओळीकडे नाही. चौदा नंबरने चेंडू झेलण्यासाठी घाईने ओळ सोडली. धाडस चांगलं होतं, क्षण चुकला. तेरा नंबरने तिची जागा झाकली. सुधारित गुण सहा आणि पाच. तेरा नंबरची खेळाडू माझी नणंद आहे, हे वाचकांनी लक्षात घ्यावं आणि क्लबकडचं मागच्या कॅमेऱ्याचं चित्रीकरण स्वतः बघावं.’

लोकांनी काय म्हणायचं ते म्हटलंच. ‘घरातलं भांडण मिटलं वाटतं!’ असा एक निरोप आला. ‘सहा गुणांसाठी काय काय करावं लागलं?’ असा दुसरा. कोपऱ्यावरचा दुकानदार पावाचा पुडा देताना म्हणाला, "सासूबाई खूश?" सासूबाई खूश नव्हत्या. त्यांच्या मते सात तरी हवे होते. काहींनी मात्र खरंच चित्रीकरण बघितलं. कॅमेरावालीने फोन करून विचारलं, "आता मी चहापाण्याची सोय ठेवू का इथे?"

वहिनीने कुणालाच उत्तर दिलं नाही. पुढच्या रविवारी ती पत्रकार कक्षात गेली, आपली नेहमीची मऊ खुर्ची आणि टेबल बघितलं, आणि वळून खाली उतरली. गोलपोस्टच्या मागे, कुंपणाच्या आत, माती टाकून केलेला एक उंचवटा होता. ती त्यावर जाऊन बसली. तिथे टेबल नव्हतं, सावली नव्हती, वारा कागद उडवत होता. लॅपटॉप मांडीवर घेतला तर पडदा उन्हात दिसेना, म्हणून तिने ओढणीसारखा पदर पुढे ओढून त्याच्यावर छत केलं. मागून कुणीतरी पोरगं ओरडलं, "ओ पेपरवाल्या बाई, पडला तुमचा बंगला!" तिने लक्ष दिलं नाही. समोर ओळ उभी होती, कडेपासून कडेपर्यंत, आणि प्रत्येकीच्या मधली जागा स्वच्छ दिसत होती.

पहिल्या सत्रात भिंगरी थांबली. चेंडू तिच्यासमोर हवेत होता, पाय वळवळत होते, ते लांबूनही दिसत होतं, तरी ती ओळीत राहिली. दुसऱ्या सत्रात चिमणीने एक टॅकल सोडलं. या वेळी कुणी जागा सोडली नव्हती, कुणाला झाकायचं नव्हतं. ती दमली होती आणि उंच गेली, कमरेऐवजी खांद्याला हात घातला, समोरची सुटली. संघ थोडक्यात जिंकला. वहिनीने शिट्टी वाजल्यावर गुण मांडले. नणंदेच्या आकड्याशी ती क्षणभर थांबली. सगळ्या गावाचं लक्ष आज याच आकड्यावर असणार होतं. पाच दिले तर म्हणतील, आता घाबरली. सात दिले तर म्हणतील, बघा. तिने मान सरळ केली, डोळ्यांसमोर ते टॅकल पुन्हा आणलं, आणि जो आकडा होता तो लिहिला. प्रत्येक आकड्यासमोर एक ओळीचं कारणही लिहिलं, पंधराही जणींसाठी. पान त्यामुळे वाढलं. वाढू दे, कुणी छाटायचं ते छाटेल.

कुणी छाटलं नाही.

सोमवारी सकाळी सासूबाईंनी चष्मा नाकावर आणला. "पाच," त्या म्हणाल्या, आणि या वेळी काही विचारायच्या आधी पुढचं वाचू लागल्या. "‘थकल्यावर टॅकल उंच जातं, एकदा तसं गेलं आणि महागात पडलं असतं. बाकी खेळ भरवशाचा.’" त्यांनी लेकीकडे पाहिलं. "खरं आहे का गं हे?"

चिमणीने पेपर ओढून घेतला आणि स्वतः वाचलं. वाचताना तिचा जबडा हलत होता, अंड्यामुळे की आणखी कशामुळे, ते सांगणं कठीण. "कुठून बघितलंस?" तिने विचारलं.

"गोलपोस्टच्या दांड्यांच्या मागून."

"हं," चिमणी म्हणाली. हा ‘हं’ वेगळा होता. "खरं आहे, आई. दमले होते." मग तिचं बोट खाली सरकलं. "भिंगरीला सात! ‘थांबली, आणि थांबणंही वेगाइतकंच अवघड असतं.’ आता तिची आई फ्रिजच बदलेल."

फोन वाजला. क्रीडा संपादक होते. वहिनी उठून उभी राहिली; फोनवर साहेब असले की ती अजून उभीच राहायची. नवऱ्याने दाराकडे सरकवलेला पाय मागे घेतला.

"बाई," संपादक म्हणाले, "पुढच्या रविवारी पाऊस आहे म्हणतात. त्या दांड्यांमागे छप्पर नाही. छत्री घेऊन जा." आणि त्यांनी फोन ठेवला.

"काय म्हणाले?" चिमणीने विचारलं.

वहिनी हळूच खाली बसली. "छत्री घेऊन जा म्हणाले."

"म्हणजे पान गेलं की राहिलं?" नवरा म्हणाला.

"अरे, निकालाच्या टेबलावर छत्री कशाला लागेल," चिमणी ओरडली आणि दुखऱ्या खांद्यानेच वहिनीला असा धक्का दिला की चहा बशीत सांडला.

सासूबाई उठल्या. कपाटामागून त्यांनी ती मोठी काळी छत्री काढली, जी त्या कुणाला हात लावू देत नसत. उघडून पाहिली, काड्या ठीक आहेत की नाही ते तपासलं, मिटली आणि वहिनीच्या पिशवीला अडकवली.

"ही ने," त्या म्हणाल्या. "आणि नीट बघ."